किशोरवयात व्हेपची तलफ एवढी घट्ट का बसते, आणि ती सोडवायची कशी

मुलाच्या दप्तरात व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडलं की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पालक म्हणतात, "संगत वाईट आहे." मूल म्हणतं, "मी हवं तेव्हा सोडेन." ही दोन वाक्यं खरी धरून चाललं की पुढचे उपाय चुकत जातात. पालक मित्र तोडायला निघतात. मूल दोन दिवस कसंबसं काढतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा ओढतं आणि आपल्यात दमच नाही असं ठरवून टाकतं. प्रत्यक्षात इथे तीन गोष्टी जुळून आलेल्या असतात: अर्धवट वाढलेला मेंदू, घशाला न टोचणारं निकोटीन आणि ओढून संपतच नाही असं यंत्र. सोडवताना तिघांचा वेगवेगळा बंदोबस्त करावा लागतो, म्हणून आधी कारणं नीट बघू. वाचणारे तुम्ही स्वतःच सोळा-सतरा वर्षांचे असाल, तरी पुढचं सगळं तसंच लागू आहे.

मेंदूत काय होतं

मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू राहते आणि ती सगळीकडे एकदम होत नाही. मजा, नवेपणा, मित्रांची शाबासकी यांवर उसळणारा भाग वयात येतानाच जोरात काम करू लागतो. "थांब, उद्याचं बघ" असं सांगणारा कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, सगळ्यांत शेवटी तयार होतो. मधल्या वर्षांत ओढ पूर्ण ताकदीची आणि लगाम कच्चा, अशी स्थिती असते.

झुरक्यातून आत गेलेलं निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथे अ‍ॅसिटिलकोलीन या मेंदूच्या स्वतःच्या रसायनासाठी असलेल्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या खास खाचेवर, ते जाऊन बसतं, आणि बक्षिसाची जाणीव देणारं डोपामीन सुटतं. कृती आणि बक्षीस यांत एवढं कमी अंतर असलं की मेंदू फार पटकन शिकतो. वारंवार निकोटीन मिळालं की या रिसेप्टरची संख्या वाढते. निकोटीन उतरलं की हे वाढलेले रिसेप्टर रिकामे राहतात आणि त्यातून तलफ उठते. किशोरवयीन प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेली गोष्ट आणखी वाईट आहे. त्यांना प्रौढ प्राण्यांपेक्षा निकोटीनचं सुख जास्त मिळतं आणि मळमळीसारखे नकोसे परिणाम कमी जाणवतात. लक्ष, शिकणं आणि आवेग आवरणं यांची जोडणी याच वयात पक्की होत असते आणि त्या कामात हेच रिसेप्टर भाग घेतात. निकोटीन तिथेही ढवळाढवळ करतं.

आता वेळेचं गणित. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. सकाळी सातला झुरके मारून शाळेत गेलेलं मूल नऊच्या सुमारास चुळबुळ करू लागतं, साडेदहाला फळ्यावरचं डोक्यात शिरत नाही, मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात चार झुरके मारले की एकदम हलकं वाटतं. त्यावरून ते ठरवतं, "व्हेपने माझा ताण जातो." खरं तर व्हेपनेच आणलेली अस्वस्थता व्हेपने घालवलेली असते. मुलाला ही एक गोष्ट कळली, तर बाकी दहा उपदेश नाही केले तरी चालतील. ती सांगून पटत नाही, मात्र स्वतःच्या वेळा लिहून काढल्या की पटते. ती वही पुढे येईलच.

आणखी एक गैरसमज म्हणजे रोज ओढलं तरच व्यसन. सिगारेट ओढणाऱ्या शाळकरी मुलांच्या अभ्यासांत काही मुलांमध्ये रोज ओढायला लागण्याच्या आधीच ताबा सुटल्याच्या खुणा दिसल्या आहेत. "फक्त शनिवार-रविवारी" हे उत्तर ऐकून निश्चिंत होऊ नका.

द्रव आणि यंत्र

यंत्र साधं असतं. बॅटरी, ओढलं की ती चालू करणारा सेन्सर, कॉइल म्हणजे तापणारी तार, कॉइलभोवती भिजलेली वात, द्रवाची टाकी किंवा पॉड (द्रव भरलेली बदलायची डबी) आणि तोंडाला लावायचं टोक. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटीन. निघते ती वाफ असं म्हणतात, पण तो बारीक थेंबांचा एरोसोल असतो.

खरी मेख निकोटीनच्या प्रकारात आहे. साधं, म्हणजे फ्रीबेस निकोटीन अल्कधर्मी असतं. त्याचं प्रमाण वाढवलं की घसा जळतो, ठसका लागतो, आणि नवखं मूल तिथेच थांबतं. त्यात बेंझॉइक आम्लासारखं आम्ल घातलं की निकोटीन सॉल्ट तयार होतं आणि घशाचा हा पहारा उठतो. मग पहिल्याच दिवशी एखादं मूल असा डोस घेऊ शकतं जो जुन्या पद्धतीच्या द्रवातून घेणं जड गेलं असतं. वर गोड फळांचे फ्लेवर आणि मेंथॉलसारखा गारवा, म्हणजे उरलासुरला खरखरीतपणाही झाकला जातो. २०१५ साली अमेरिकेत आलेल्या जूल या व्हेपच्या ब्रँडने हाच निकोटीन सॉल्टचा मार्ग धरला. २०१९ मध्ये तिथल्या हायस्कूलमधल्या २७.५ टक्के मुलांनी मागच्या महिन्याभरात व्हेप ओढल्याचं सांगितलं होतं. २०२४ मध्ये हा आकडा ७.८ टक्क्यांवर आला. म्हणजे लाट ओसरूही शकते.

हाती आलेल्या यंत्रावरचं लेबल वाचायला शिका. "५%" किंवा "५० मिग्रॅ" म्हणजे दर मिलिलिटरला साधारण ५० मिलिग्रॅम निकोटीन. "२%" म्हणजे २०. युरोपीय संघाने २०१६ पासून कमाल मर्यादा हीच २० ठेवली आहे, आणि टाकी २ मिलिलिटरची. आकडा गुणिले मिलिलिटर केलं की यंत्रातलं एकूण निकोटीन निघतं. २ मिलिलिटर आणि २० मिलिग्रॅम असेल तर ४०. १० मिलिलिटरचं ५ टक्क्यांचं डिस्पोजेबल, म्हणजे संपलं की टाकून द्यायचं यंत्र, असेल तर ५००. सगळं शरीरात उतरत नाही, पण तुलनेसाठी: एका सिगारेटमधून १ ते २ मिलिग्रॅम उतरतं. यंत्र किती दिवस पुरतं हे मुलाकडून कळलं की रोजच्या डोसचा अंदाज बांधता येतो, आणि डॉक्टरांना नेमकं हेच हवं असतं. "निकोटीन नाही" असं छापलेल्या मालातही तपासणीत निकोटीन सापडल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा त्या लेबलवर विसंबू नका.

तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही: शेवट नसणं. सिगारेट पेटवावी लागते, ती विझते, वास येतो, बाहेर जावं लागतं. व्हेप उशीखाली राहतं. दोन झुरके, परत खिशात, दहा मिनिटांनी पुन्हा दोन. किती झाले याचा हिशेब ओढणाऱ्यालाही लागत नाही, आणि मेंदूत अंथरूण, फोन, अभ्यासाचं टेबल अशी प्रत्येक जागा तलफेशी जोडली जाते. सोडताना म्हणूनच जागांपासून सुरुवात करायची.

किती जडलंय ते बघा

उलटतपासणी न करता हे पाच प्रश्न विचारा. मुलाने एकट्याने कागदावर उत्तरं लिहिली तर आणखी बरं.

१. उठल्यावर पहिला झुरका किती वेळात? ३० मिनिटांच्या आत असेल तर व्यसन चांगलंच आहे, ५ मिनिटांच्या आत असेल तर फारच.
२. सोडायचा प्रयत्न करून सोडता आलं नाही, असं झालंय का?
३. ओढता आलं नाही तर चिडचिड, अस्वस्थता होते का, लक्ष लागत नाही का?
४. जिथे बंदी आहे तिथेही न ओढता राहणं जड जातं का?
५. रात्री मध्येच उठून ओढतोस किंवा ओढतेस का?

दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत एकालाही "हो" आलं तरी पुढची योजना करा. पाचही जमायची वाट बघण्यात अर्थ नाही. घरच्या घरी लघवीची कोटिनीन चाचणी (कोटिनीन म्हणजे निकोटीनपासून शरीरात बनणारा पदार्थ) गुपचूप करायचा मोह अनेकांना होतो. करू नका. तिच्यातून गेल्या काही दिवसांत निकोटीन घेतलं का एवढंच कळतं, किती जडलंय हे नाही, आणि चोरून चाचणी केल्याचं कळलं की मूल खरं सांगणं बंद करतं. तुम्हाला पुढचे दोन महिने त्याच्या खरं सांगण्याचीच गरज लागणार आहे.

बोलायचं कसं

सापडलं त्याच रात्री बोलू नका. एक दिवस जाऊ द्या, भावंडं आसपास नसताना बोला, आणि शक्यतो समोरासमोर बसून नव्हे तर चालताना किंवा गाडीत, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. सुरुवात माहिती घेण्यापासून करा:

"मला ओरडायचं नाहीये. त्यातनं तुला काय मिळतं, तेवढं सांग."
"काही नाही गं आई, जरा शांत वाटतं."
"आणि नाही मिळालं तर?"

इथे गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो आणि आपली जीभ मध्ये पडायला टपलेली असते. "तुझ्यावर विश्वास होता", "मामाच्या मुलाकडे बघ", "फुप्फुसं सडतील" ही तीन वाक्यं कामाची नाहीत. पहिली दोन लाज देतात, आणि लाज वाटली की तलफ वाढते. तिसरं मुलाला खोटं वाटतं, कारण त्याच्या ओळखीत कुणाचं काही सडलेलं नसतं. या वयाला पटतं ते दुसरंच: आपल्याला कुणीतरी गिऱ्हाईक म्हणून गळाला लावलंय, हे. ठसका लागू नये म्हणून आम्ल मुद्दाम घातलेलं आहे, हे रसायनशास्त्र मुलांना जाम लागतं.

घरात कुणी मोठं माणूस ओढत असेल, तर तो विषय मूल काढणारच. त्या माणसानेही सोबत सोडायला घेतलं तर उत्तम, निदान घरात ओढणं त्या दिवसापासून बंद.

सोडायची योजना

पहिले चार-पाच दिवस काहीच सोडायचं नाही, फक्त नोंद. वहीत किंवा फोनमध्ये वेळ, जागा, सोबत कोण आणि ओढण्याआधी कसं वाटत होतं, एवढे चार रकाने. एकेक झुरका मोजणं अशक्य आहे, यंत्र हातात घेतलं की एक नोंद. चौथ्या दिवशी वही उघडून दोन नोंदींमधलं अंतर बघा. अस्वस्थ वाटण्याच्या वेळा आणि निकोटीन उतरण्याच्या वेळा जुळताना दिसतात. "ताण जातो" हा समज इथेच ढिला होतो.

मग तारीख ठरवा, दोन आठवड्यांच्या आतली. परीक्षेचा, सहलीचा किंवा मोठ्या समारंभाचा आठवडा टाळा. सुट्टीची सुरुवात चांगली, कारण पहिले तीन दिवस शाळेबाहेर जातात.

एकदम सोडायचं की हळूहळू? कमी जडलेल्याला एकदम सोडणं सोपं. जास्त जडलेल्याला तारखेपर्यंत कमी करत आणता येतं, पण इथे एक ठरलेली चूक होते. ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांचं यंत्र घेतलं जातं, आणि मूल नकळत लांब आणि जास्त झुरके ओढून तेवढंच निकोटीन वसूल करतं. म्हणून नुसती ताकद कमी करून भागत नाही, संधी कमी करा. आधी अंथरूण बंद: रात्री यंत्र खोलीबाहेर. दोन दिवसांनी स्वच्छतागृह आणि अभ्यासाचं टेबल बंद. सकाळचा पहिला झुरका आधी १५ मिनिटं, मग ३०, मग एक तास पुढे ढकला. हा सकाळचा झुरका ढकलणं सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत उपयोगाचं.

आदल्या रात्री सगळी यंत्रं, पॉड, चार्जर बाहेर. "एक ठेवतो, इमर्जन्सीला" याला नाही म्हणा. जॅकेटचे खिसे, पेन्सिलचा डबा, पेनड्राइव्हसारखी किंवा हायलायटरसारखी दिसणारी वस्तू, हे सगळं मुलानेच शोधून आणून द्यावं. तुम्ही झडती घेतलीत तर एक हमखास राहतं, आणि ते कुठे आहे हे त्याला माहीत असतं. दोन जवळच्या मित्रांना मुलाने स्वतः मेसेज करावा: "सोडतोय, मला देऊ नको."

त्रास शेवटच्या झुरक्यानंतर काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला जातो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. चिडचिड, भूक, मोडलेली झोप, उदासी, अभ्यासात लक्ष न लागणं, सगळं अपेक्षित आहे. ही तारीखवार माहिती मुलाला आधीच द्या. तिसऱ्या दिवशी वाईट वाटलं की बहुतेक जण "हे असंच राहणार" समजून हार मानतात, आणि नेमकं तिथूनच उतरणीला लागायचं असतं. त्या तीन दिवसांत दार आपटलं, उलट उत्तर आलं, तर सोडून द्या. खोली आवरण्याचा वाद पुढच्या आठवड्यात घाला.

एक तलफ बहुधा पाच-दहा मिनिटं टिकते. तेवढा वेळ काढायचा एवढंच काम असतं. घड्याळ लावून दहा मिनिटं पुढे ढकला, जागा बदला, थंड पाणी घोट घोट प्या, सावकाश आणि लांब श्वास सोडा. हातातोंडाला चाळा हवा असतो: बिनसाखरेचं च्युइंग गम, लवंग, पाण्याची बाटली, बोटांत फिरवायला काहीतरी. दोन मिनिटं जिना वर-खाली केला तरी फरक पडतो. पहिल्या आठवड्यात झोपेची वेळ पाळा आणि दुपारनंतर चहा-कॉफी नको, कारण न झोपलेल्या डोक्याला तलफ आवरत नाही.

औषधांबद्दल

उठल्याबरोबर ओढणाऱ्या, आधी दोनदा प्रयत्न फसलेल्या मुलाला नुसत्या निग्रहावर सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. निकोटीनचे पॅच आणि गम अठराच्या आतल्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत. डोस ठरवताना ते वर काढलेलं रोजचं गणित आणि वही दोन्ही कामी येतात. पॅच रोज नव्या जागी, कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर लावायचा. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढायचा का, हे डॉक्टरांना विचारा. गमच्या बाबतीत जवळपास सगळे चुकतात: नेहमीच्या च्युइंग गमसारखं चघळलं की निकोटीन लाळेतून पोटात जातं, उचकी आणि मळमळ होते, आणि तलफ तशीच राहते. तिखट चव किंवा झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं, असं साधारण अर्धा तास. आधीची १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, सोडा काही नाही. आंबटपणामुळे तोंडातून निकोटीन शोषलं जात नाही.

व्हॅरेनिक्लीन या गोळीची १६ ते २५ वयाच्या व्हेप ओढणाऱ्यांवर घेतलेली चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांच्या उपचाराच्या शेवटच्या महिन्यात गोळी घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के व्हेपपासून पूर्ण लांब होते, नकली गोळीवाल्यांपैकी १४ टक्के. समुपदेशन दोघांनाही होतं. द्यायची की नाही, कोणत्या वयाला, हे डॉक्टरच ठरवतील, पण पर्याय आहे हे माहीत असू द्या.

कुठे घसरतं

बहुतेक वेळा मित्राच्या यंत्रातून, आणि तेही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा "आता जमलं" असं वाटू लागतं. एका झुरक्याची स्लिप आणि पुन्हा रोज ओढणं यांत फरक आहे. मुलाचा "आता गेलंच सगळं" हा विचार आणि पालकांचा आरडाओरडा हा फरक पुसून टाकतात. स्लिप कळली की एवढंच विचारा: कुठे, कुणासोबत, त्याआधी काय झालं? त्या एका प्रसंगाची तजवीज करा, तारीख नव्याने धरायची गरज नाही. व्हेप सोडून सिगारेट किंवा निकोटीन पाउच (ओठाखाली ठेवायची निकोटीनची पुडी) धरणं म्हणजे सोडणं नव्हे, तेच निकोटीन दुसऱ्या वाटेने येतं.

दोन-चार आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल तर तिला निकोटीनच्या खात्यात टाकू नका. अनेक मुलं आधीपासूनच्या चिंतेवर किंवा नैराश्यावर व्हेपचा उतारा शोधत असतात, आणि त्यावर वेगळे उपचार लागतात. स्वतःला इजा करण्याचं बोलणं आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

लगेच धावपळ करायच्या वेळा

एकाच वेळी खूप ओढल्यावर मळमळ, उलटी, घाम, चक्कर, छातीत धडधड होणं म्हणजे निकोटीन जास्त झालंय. ओढणं थांबवा, मोकळ्या हवेत बसवा. उलट्या थांबत नसतील, गुंगी किंवा झटके आले तर रुग्णालय. लहान भावंडाने द्रव प्यायला असेल तर लक्षणांची वाट न बघता न्या, उलटी करायला लावू नका. द्रव कातडीवर सांडला तर भरपूर पाण्याने धुवा, तो त्वचेतूनही आत जातो.

खोकला, दम लागणं, छातीत दुखणं आणि सोबत ताप किंवा उलट्या असतील तर डॉक्टरांना व्हेपचं स्पष्ट सांगा. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसांना इजा होऊन २,८०० हून अधिक जण दाखल झाले किंवा दगावले. त्याचा मुख्य संबंध टीएचसी या गांजातल्या नशा आणणाऱ्या रसायनाच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी निघाला. म्हणून नेमकं काय ओढलं हे डॉक्टरांना कळणं गरजेचं असतं, आणि मूल ते पालकांसमोर सांगेलच असं नाही. दोन मिनिटं खोलीबाहेर थांबा.

जमा केलेली यंत्रं कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, फोडूही नका. आत लिथियम बॅटरी असते, दाबली गेली तर पेट घेते. यंत्र पिशवीत बांधून लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि बॅटऱ्या घेणाऱ्या ई-कचरा केंद्रात द्या. उरलेला द्रव मोरीत ओतू नका, पॉडसकट तिथेच द्या.